गार झालेलं वरण

तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट आहे, बाळांनो. एका राजानं पाठशाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण सुरू केलं. रांधायला एक म्हातारा आचारी ठेवला. त्याच्या वरणाच्या नुसत्या वासानं भूक लागावी.

पण पातेली भरलेलीच परत येत. आचाऱ्यानं हिंग वाढवला, तूप वाढवलं. काही उपयोग नाही. उरलेलं खाऊन गावातली कुत्री इतकी लठ्ठ झाली, की चोर दिसला तरी झोपूनच भुंकत.

राजाचं फर्मान आलं, "आठ दिवसांत पातेली रिकामी झाली नाहीत, तर आचाऱ्यानं पळी खाली ठेवावी आणि तबेल्यात घोड्यांचे हरभरे भिजवावेत."

आचाऱ्याला रडूच आलं. चाळीस वर्षं त्या हातात पळीच होती.

रोज वाढून झालं, की तो मागच्या परसात चुलीकडे परते. त्या दिवशी मात्र आपलं ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसला. घास उचलला, तशी शेजारची चिमुरडी ओरडली, "आजोबा, थांबा! आधी आभार!"

मुलांनी हात जोडले. राजाचे आभार, राणीचे आभार. मग प्रधान, सेनापती, कोठीवाले. दर महिन्याला कुणी ना कुणी आपलं नाव त्यात घालून घेतलं होतं. वरणावर साय धरली, तूप थिजलं. दोन घास पोटात गेले, तोच तासाची घंटा झाली.

आचारी तडक राजाकडे गेला. "महाराज, एकदा पोरांच्या पंगतीत जेवा. मग पळी मागा."

दुसऱ्या दिवशी राजा शिकारीहून थेट पंगतीला आला, चांगलाच भुकेला. आभार सुरू झाले. आधी तो खुशीत मान डोलावत होता. मग चुळबुळू लागला. शेवटी त्याचा हात हळूच ताटाकडे गेला.

"महाराज!" चिमुरडीनं दटावलं. "अजून कोठीवाल्यांचे मामा राहिलेत!"

"राहू देत गं बाई मामा!" राजा कळवळला. "जेवा रे सगळे!"

तेव्हापासून आभार बंद झाले. त्या दिवशी राजानं पुन्हा वरण मागितलं, तर आचारी रिकामं पातेलं दाखवत म्हणाला, "संपलं, महाराज." इतक्या आनंदानं म्हणाला, की राजाला रागावताही येईना.

चिमुरडीनं खरकट्या हातानंच आचाऱ्याचं धोतर ओढलं. "आजोबा, उद्यापण हेच करा हं!"

बोध एवढाच: भुकेल्याला आधी जेवू घालावं, आभार मागू नयेत, पोट भरलं की ते आपणहून येतात.