गुरुजींना न आठवलेला शब्द

मुलांनो, एका ओढ्याकाठी मोठी चिंच होती आणि तिच्यावर रोज सकाळी पाखरांची शाळा भरत असे. आता ती चिंच राहिली नाही, पण शाळेची गोष्ट अजून सांगतात. गुरुजी होते एक म्हातारे पोपट. अगदी लहानपणी ते शहरातल्या पिंजऱ्यात गेले आणि तिथली बोली शिकून कितीतरी वर्षांनी परतले. चिंचेवर बसल्यावर शहरी बोलीतच बोलायचे, असा त्यांचा नियम होता. साळुंकीने चार दिवसांत सगळे धडे पाठ केले. सुगरणीचे पिलू मात्र चोच मिटून बसे.

एके दिवशी गुरुजींनी सुगरणीला बोलावून घेतले. खळ्यावर दाणे टिपता टिपता शहरातून आलेल्या व्यापाऱ्यांचे बोलणे ऐकून तिला थोडी शहरी बोली येऊ लागली होती. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं पिलू मठ्ठ आहे. उद्या परीक्षा आहे. एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर त्याला पुन्हा पाठवू नका."

"मठ्ठ? अहो गुरुजी, घरी याची टकळी थांबत नाही! हे असं का, ते तसं का, नुसतं डोकं उठवतं. एकदा आमच्या बोलीत विचारून तर बघा."

"मला कुठे येते तुमची बोली?"

"पाच-सहा शब्दांचं तर काम. बसा, मी शिकवते."

गुरुजी नाइलाजाने बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न घातला, "वाऱ्यात घर का पडत नाही?"

"घराचा पाया भक्कम असतो म्हणून!" साळुंकीने धडाधडा सांगितले.

"शाब्बास. पाया म्हणजे काय?"

साळुंकी गडबडली. "पाया म्हणजे... भक्कम, गुरुजी."

मग गुरुजींनी तोच प्रश्न सुगरणीच्या बोलीत अडखळत विचारला. पिलू खुदकन हसले. "गुरुजी, 'घर वारा का खात नाही' असं विचारलंत तुम्ही!" आणि ते बोलतच सुटले. आई शेजारच्या फांदीवरून एकेक वाक्य शहरी बोलीत सांगू लागली. "आमच्या घराला पाया नसतोच. ते टांगलेलं असतं. वारा आला की झुलतं, झुलतं म्हणून तुटत नाही. गाठ मात्र गवताच्या ओल्या पात्याची मारायची. वाळकं पातं वळवलं की मोडतं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं. विणताना सांगते ना ती."

गुरुजींना आपली लहानपणची ढोली आठवली. आतला ओलसर लाकडाचा वास आठवला, आईने चोचीतून आणलेला अर्धा पेरू आठवला. ढोलीच्या तोंडाशी गेले की आई एकच शब्द म्हणायची, 'थांब, आधी वाकून बघ' अशा अर्थाचा. तो शब्द काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक धडा आधी ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत होऊ लागला. आया आळीपाळीने येऊन गुरुजींना मदत करू लागल्या. थोड्याच दिवसांत पिलू स्वतःहून विचारू लागले, "आमच्या या गाठीला शहरी बोलीत काय म्हणतात?" बाजरीची कणसे भरेपर्यंत ते शहरी बोलीत साळुंकीच्या चुका काढू लागले.

कधी चिंचेवरून पोपटांचा थवा कलकलाट करीत गेला, की गुरुजी शिकवता शिकवता थांबत आणि मान कलती करून ऐकत.

"काय ऐकता, गुरुजी?" पिलाने एकदा विचारले.

"माझ्या आईचा एक शब्द शोधतोय रे. सापडला की तुम्हालाही शिकवीन."

तात्पर्य : मूल ज्या बोलीत प्रश्न विचारते, त्या बोलीतून त्याला आधी शिकवावे, मग दुसरी भाषा ते आपण होऊन मागते.