पाच फळ्यांची होडी

एका नदीकाठच्या गावात एक तरुण राहत होता. त्याच्याकडे वल्हं होतं, दंडात जोर होता, फक्त होडी नव्हती. पैलतीरावरचे लोक दर गुरुवारी या गावच्या बाजाराला दोन कोसांचा वळसा घालून यायचे. त्यांना होडीतून आणायचं, त्यावर पोट भरायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

लाकूड मागायला तो गावभर फिरला. पाटील, शेठजी, वैद्यबुवा आणि शास्त्रीबुवा या चौघांनी एकेक जाडजूड फळी दिली. अट मात्र चौघांचीही एकच होती. "होडीत आमची जागा कायमची राखून ठेव. सल्ला द्यायला जाणतं माणूस जवळ हवं."

नावाडी मुलखाचा भिडस्त. तो सगळ्यांना हो म्हणाला.

पाचवी फळी कासारणीने दिली. ती म्हणजे बांगड्यांच्या जुन्या पेटीचं झाकण होतं. "मला तेवढं पलीकडे बांगड्या विकायला नेत जा," एवढंच ती म्हणाली.

होडी झाली. चौघांसाठी चार ऐसपैस बैठका झाल्या, पाटलांना टेकायला लोडही आला. उरलेल्या जागेत दोन उतारू मावत, तेही बरोबर शेळी नसेल तर. नदीला पाणी होतं तोवर हे सगळं खपून गेलं.

मग उन्हाळा आला आणि पाणी आटलं. दोन गुरुवार होडी उशिरा पोचली. तिसऱ्या गुरुवारी तर ती नदीच्या मधोमध वाळूत रुतून बसली. पैलतीरावर लोक टोपल्या घेऊन ताटकळत होते. "आज शेवटचं थांबतोय," त्यांनी ओरडून सांगितलं. "यापुढे आपला वळसाच बरा." हे लोक गेले की धंदाही गेला, हे नावाड्याला समजत होतं.

"जोरात वल्हव," पाटील म्हणाले. त्याने वल्हवलं.

"हळू वल्हव, वल्हं झिजेल," शेठजी म्हणाले. तो हळू वल्हवू लागला.

वैद्यबुवांनी होडीच्या कडेवर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. "हिला कोरडेपणाचा विकार आहे," ते म्हणाले. शास्त्रीबुवांनी होडीचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं, पण ती कुठल्याच दिशेला वळेना. शेवटी यावर बैठक घ्यायची असं ठरलं. ती लगेच सुरूही झाली, कारण सगळे बसलेलेच होते.

नावाडी घामाघूम झाला. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" त्याने कासारणीला विचारलं.

कासारणीने लुगडं वर खोचलं, पेटी डोक्यावर घेतली आणि ती खाली उतरली. पाणी गुडघ्याएवढंच होतं. होडी बोटभर वर आली.

नावाड्याने ते पाहिलं. ज्यांच्या फळ्यांवर आपण उभे आहोत, त्यांनाच उतरा कसं म्हणायचं? तेवढ्यात पैलतीरावरच्या एका माणसाने टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"पाटीलकाका," नावाडी चाचरत म्हणाला, "तुमचा सल्ला मी जन्मभर ऐकेन. पण आत्ता तुम्ही चौघं खाली उतरा."

"मी फळी दिली आहे," पाटील गरजले.

"दिलीत ना," पाण्यातून कासारीण म्हणाली. "ती तरंगते, पाटील. तुम्ही तरंगत नाही."

पाटील लालबुंद झाले. पण पैलतीरावरची माणसं पाठ फिरवू लागलेली त्यांनीही पाहिली होती. पुटपुटत त्यांनी धोतर वर घेतलं. ते उतरल्यावर मागोमाग शेठजी उतरले, शास्त्रीबुवाही उतरले. थंड पाणी आपल्याला वर्ज्य आहे असं सांगत वैद्यबुवा शेवटी उतरले.

कुणी हात लावायच्या आतच होडी हलली. नावाड्याने कासारणीला परत चढवून घेतलं आणि वल्हं मारलं. परतताना त्याने वाळूच्या कडेने, खोल धारेतून होडी आणली; तीत दहा उतारू होते आणि एक शेळी. वाळूवर, गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या चौघांची बैठक अजून चालूच होती.

"आम्हाला घे की रे," पाटील म्हणाले.

"या ना काका. सरकून घ्या, जागा होईल."

त्या दिवशी पाटील गावाला पोचले ते मांडीवर शेळी घेऊन. गंमत म्हणजे वाटेत त्यांनी एकही सल्ला दिला नाही. शेळी सांभाळण्यातच त्यांचे दोन्ही हात गुंतले होते.

तात्पर्य इतकंच: अडलेल्याला सल्ला जरूर द्यावा, पण आधी त्याच्या होडीतून उतरावं.