कार्बनची प्रत

इंदुमतीबाईंचे यजमान गेले, मागे त्यांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग तेवढी उरली. ती घरच्या सर्व्हरवर, म्हणजे साठवणीच्या संगणकावर, जपायची म्हणून बाईंनी दुकानात दोन साध्या डिस्क मागितल्या. दोन्हींवर तीच गाणी राहणार होती.

दुकानदार परचुरे हसले. "बाई, यातलं तुम्हाला काय कळणार? ही एकच मोठी न्या. जन्मात बिघडायची नाही!"

"तसं लिहून द्या."

"आत्ता देतो!" परचुऱ्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि सवयीने पानाखाली कार्बन पेपर सरकवला.

"हा कशाला?"

"एक कागद हरवला, तर दुसरा असावा ना!"

"तुमच्या कागदाला दुसरा हवा, आणि माझ्या माणसाच्या आवाजाला नको?"

परचुऱ्यांनी दोन डिस्क बांधून दिल्या. त्या संध्याकाळी यजमान घरात मजेत गात होते आणि बाई मेथी निवडत होत्या.