एकशे सतरा कासवं

निंबगडच्या बाजारात पाणी प्यायला तांब्याचा तांब्या मिळेना! घागर नाही, घंगाळ नाही, साधी पळीसुद्धा नाही. अहो, सगळं तांबं गेलं कुठं? तर कासवं करायला!

रायाजीमहाराजांना जुन्या नाण्यांचं भारी वेड. मखमलीच्या पेटीत एकूण एक राजवटीची नाणी, फक्त एक खण रिकामा. त्यात हवं होतं दीडशे वर्षांपूर्वीचं तांब्याचं कासवछाप नाणं. महाराजांनी दवंडी पिटवली, ‘आणील त्याला शंभर मोहरा!’ कुणी फिरकलं नाही. दोनशे केल्या, तरी शुकशुकाट. पाचशे म्हटल्याबरोबर मात्र काय विचारता! आठवड्याभरात राजवाड्यापुढं एकशे सतरा माणसं उभी, नि प्रत्येकाच्या मुठीत एक कासव!

“अस्सल आहे महाराज! पणजोबांच्या उशाखाली सापडलं!”

“माझं त्याहून अस्सल!”

रांगेत पहिला होता त्र्यंबकशेट सराफ. तो हात जोडून म्हणाला, “खरं माझंच. ही बाकीची घाण घाटावरच्या साळूनं बाजारात आणली असणार. नदीत हात घालून बसलेली असते दिवसभर!”

साळू म्हणजे झारेकरीण. घाटाखालची वाळू पाटीत धुवायची, सोन्याचांदीचे कण निघतील ते विकायचे, त्यावर घर चालवायचं. आजीपासून चालत आलेला हक्क. शिपायांनी तिला ओल्या पदरानिशी आणून उभी केली.

महाराज तापलेलेच होते. “नदीतलं सोनं वेचतेस ना? मग यातलं खरं नाणं वेचून दे! घासायचं नाही, तापवायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. उद्या दुपारपर्यंत सांगितलं नाहीस, तर तुझी पाटी पुन्हा नदीला लागणार नाही!”

नदी गेली तर साळूनं खायचं काय? पण बाई पक्की. क्षणभर नाण्यांकडं बघितलं, मग नाणी धरणाऱ्या हातांकडं बघितलं, आणि गालातल्या गालात हसली.

“महाराज, मला तुमचा दवंडीवाला द्या. अन् तो काय ओरडेल त्याला उद्यापर्यंत नाही म्हणू नका.”

“दिला!”

संध्याकाळी ढोल वाजला. ‘ऐका हो ऐका! कासवछाप नाणी महाराजांच्या पणजोबांच्या खजिन्यातून चोरीला गेली होती! ज्याच्याकडं खरं निघेल तो चोराचा वंशज! त्याची उद्या गाढवावरून धिंड! ज्याचं खोटं असेल त्याला सगळं माफ! पण नुसतं खोटं म्हणून चालणार नाही, पुरावा आणावा लागेल हो!’

दुसऱ्या दिवशी दरबारात काय झुंबड उडाली म्हणता! एकेकाला आपलं नाणं खोटं ठरवायची कोण घाई!

“महाराज, बघा की, घाईत पाचवा पाय काढलाय कासवाला!”

“माझं तर सासूबाईंच्या घंगाळाचं केलंय! भोक पडलेलं घंगाळ बाहेर ठेवलंय, सासूबाईपण आल्यात!”

“सरक बाजूला! माझं त्याहून खोटं!”

सगळ्यांना ढकलून त्र्यंबकशेट पुढं आला. साचा आणला होता, हातोडी आणली होती, एक मडकंही आणलं होतं. “महाराज, जुनं दिसावं म्हणून चार दिवस शेणात पुरलं होतं. वास घेऊन बघा!”

“लांब धर ते!” महाराज नाकाला शेला लावत ओरडले.

दुपारपर्यंत एकशे सोळा नाणी पुराव्यानिशी खोटी ठरली. उरली फक्त फुलं विकणारी भिवराआजी. गळकं छप्पर शाकारायला चार पैसे होतील म्हणून बिचारी आली होती.

“आजी, तुमचा पुरावा?” महाराजांनी विचारलं.

“कुठून आणू, बाबा? माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातलं आहे हे. ती रोज हळदकुंकू वाहायची, मग आई, मग मी. चोरीच्या वस्तूला कुणी हळदकुंकू वाहतं का? पण याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.” म्हातारीनं पदर खोचला. “कुठाय तुमचं गाढव? बसते मी!”

साळूनं आजीचा हात धरला. “बसा खाली आजी. महाराज, हे तुमचं खरं नाणं! खाचांत बघा, तीन पिढ्यांची हळद बसलीय. मडक्यात पुरून अशी बसत नाही! अन् चोरीबिरी काही झाली नव्हती, ती माझी थाप.”

“थाप!” त्र्यंबकशेट किंचाळला. “महाराज, नाणी पारखायला सांगितली होती, हिनं एक तरी पारखली का?”

“बोट लावायची बंदी होती ना शेट? मग नाणी आणणारेच पारखले!”

महाराज असे हसले, असे हसले, की मुंडासं सुटून मांडीवर आलं! भिवराआजीला पाचशे मोहरा मिळाल्या, वर छप्परही शाकारून मिळालं. त्र्यंबकशेट मडकं घेऊन मागच्या दारानं सटकला.

“साळू, तू काय मागतेस?”

“नदीचा हक्क लिहून द्या, महाराज. पुन्हा कुणी माझ्या पाटीला हात लावायला नको.”

“दिला! ही एकशे सोळा कासवं वितळवा आणि हिला चांगला जाड ताम्रपट करून द्या!”

साळूनं वाकून मुजरा केला. दारापर्यंत गेली आणि मागं वळली.

“तेवढं एक सांगा कारागिराला, महाराज. ताम्रपटावर काय पाहिजे ते चित्र काढू दे, कासव नको! नाहीतर उद्या घाटावर एकशे सतरा साळू उभ्या राहतील!”

महाराजांनी आत्ताच नीट बांधलेलं मुंडासं पुन्हा सुटलं!