विणकराच्या घरची अळणी आमटी

एका गावात एक विणकर राहत होता. एका साध्याशा मंगळवारी त्याची बायको अंगणात तूर पाखडत बसली होती. वैद्यबुवा विणकराला तपासून ओटीवरून उतरले आणि तिच्यापाशी थांबले.

"पायावर बोट दाबलं की खळगा पडतो, तो तसाच राहतो," ते म्हणाले. "आजपासून मीठ बंद. पाळलंत तर सूज उतरेल. नाही पाळलंत तर छातीपर्यंत चढेल."

बायकोने सूप खाली ठेवलं. आत मागावर तिच्यासाठी विणायला घेतलेलं लुगडं होतं, निम्म्यावर आलेलं. सुजलेल्या पायांनी विणकराला मागाच्या पावड्या दाबवत नव्हत्या.

त्या दिवसापासून विणकराचं जेवण अळणी झालं आणि घरात रोज तीच कटकट सुरू झाली.

"हे काय वाढलंयस?"

"डाळ."

"डाळीला चव असते."

"ती पुढच्या वर्षी. आता खा."

कधी तो लाडीगोडी लावी. "बुवांनी मीठ खायला बंदी केलीय, बघायला नाही. बरणी समोर ठेव नुसती." बायकोने बरणी फडताळात सगळ्यात वर ठेवून दिली. तो कुरकुरत जेवला, पण जेवला. हळूहळू सूज उतरली. एका सकाळी तो मागावर बसला, वीतभर लुगडं विणलं आणि कुणाचा हात न धरता उठला.

मग गौरी आल्या. गौरींबरोबर नणंद आली, जाऊ आली, पाहुणे आले. प्रत्येक जण येताना एकच वाक्य घेऊन आला होता: "सणाचा एक दिवस, त्याने काय होतंय?" नाही म्हणून म्हणून बायकोचं तोंड दुखलं. शेवटी तिने एक युक्ती काढली. पानात डावीकडे मीठ तर सगळ्यात आधी वाढतातच. मग सगळा स्वयंपाकच अळणी करायचा. ज्याने त्याने आपल्या पानातलं मीठ कालवून घ्यावं. फक्त विणकराच्या पानात मीठ वाढायचं नाही. त्याला एकट्याला वेगळं भांडं नको आणि पाहुण्यांचीही अडचण नको.

तिने सासूबाईंसकट सगळ्या बायकांना चुलीपाशी बोलावून हे सांगितलं. मग पुन्हा सांगितलं.

"कळलं गं बाई," जाऊ म्हणाली. "आम्ही काय लहान आहोत?"

नैवेद्य दाखवण्याआधी पदार्थ चाखायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. आमटी उकळायला ठेवून बायको परसात केळीची पानं कापायला गेली.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. देवीपुढे अळणी कसं ठेवायचं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. त्या गेल्या आणि जाऊ आली. पाहुणे नावं ठेवतील, म्हणून तिनेही टाकलं. नणंदेला भावाचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं, तिने थोडं जास्त टाकलं. शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने विणकर आला. त्याने चिमटीने नव्हे, मुठीने टाकलं, आणि झाकण होतं तसं ठेवलं.

पंगत बसली. पहिल्याच घासाला पाहुण्यांचे हात पाण्याच्या तांब्यांकडे गेले. विणकराने मात्र वाटी तोंडाला लावली, संपवली आणि पुन्हा मागून घेतली. "आज कुठे जेवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बायको बाहेर आली. सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या होत्या, विणकराची तेवढी रिकामी. तिने आमटीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"मीठ कुणी घातलं?"

"मी आपली चिमूटभर," सासूबाई म्हणाल्या.

"मी पण चिमूटच," जाऊ म्हणाली.

"वहिनी, दादासाठी म्हणून..." नणंदेने वाक्य अर्धंच सोडलं.

बायकोने विणकराकडे पाहिलं. तो पानातल्या भाताशी चाळा करत होता. "मला वाटलं, कुणीच घातलं नसेल," तो म्हणाला.

तिने पोळ्या वाढल्या आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी विणकराचे पाय होते तसेच दिसले. "बघ, झालं का काही?" सगळे म्हणाले. मग लोणच्याची फोड चालायला लागली, मग पापडाचा तुकडा. बायको नको म्हणायची. बाकीचे तिला कडक म्हणायचे. काही दिवसांनी सूज चढली आणि या वेळी ती उतरली नाही. दिवाळीच्या आधी विणकर गेला.

वर्ष सरलं आणि घरात पुन्हा सण होऊ लागले. गौरीच्या दिवशी सासूबाई चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाई, आमटीत मीठ घातलंस?"

"घातलंय, आत्याबाई. तुम्ही घालू नका."

सासूबाईंनी मिठाच्या बरणीला हात लावला नाही. त्यांचे दोन्ही हात पदराखाली होते.

तात्पर्य घ्यायचं ते एवढंच: आजाऱ्याचं पथ्य जो सांभाळतो, त्याला मदत करायची तर त्याने सांगितलं तेवढंच करावं. आपल्या मायेची चिमूट आपल्याजवळ ठेवावी.

मागावरचं लुगडं पुरं झालं नाही.