दिवाणजींचा दंड

शिराळगडच्या दिवाणजींनी चांदीच्या रुपयात निम्मं तांबं मिसळलं आणि दवंडी पिटवली, “नवा रुपया जुन्याइतकाच मोलाचा. जो नाणं वाजवून पाहील, त्याला पाच रुपये दंड!”

“खऱ्या नाण्याला दवंडी कशाला लागते?” म्हणत ठकूबाई तेलिणीने पहिल्याच गिऱ्हाइकाचा रुपया दगडावर आपटला. शिपायांनी तिला महाराजांच्या दरबारात उभं केलं.

“सरकारी शिक्क्यावर संशय घेतेस?” दिवाणजी गरजले. “काढ पाच रुपये!”

ठकूबाईने महाराजांसमोर दोन पुरचुंड्या ठेवल्या. “एकीत पाच जुने, एकीत पाच नवे. दिसायला हुबेहूब. दिवाणजी, मोल सारखंच म्हणता, तर हवी ती उचला.”

दिवाणजींनी दोन्हींच्या गाठी सोडल्या आणि सवयीने दोन्हींतला एकेक रुपया पायरीवर वाजवला. एक खणखणला, दुसरा बद्द वाजला. खणखणीत पुरचुंडी त्यांनी चटकन कमरेला खोचली.

ठकूबाई महाराजांकडे वळली. “महाराज, नाणं वाजवलं म्हणून आता यांनाही दंड करा. आणि घ्याल तो जुन्या रुपयांतच घ्या. नव्यांवर यांचाच भरवसा नाही.”