व्रतस्थाची जागा

शिडाची काठी कडाडून मोडली, तो आवाज इसामाच्या कानांतून म्हातारपणीही गेला नाही.

फार पूर्वी जपानातून समुद्रापार जाणाऱ्या गलबतावर एक व्रतस्थ माणूस नेत. त्याने केस विंचरायचे नाहीत, मांस-मासळी खायची नाही, अंगावरच्या उवासुद्धा मारायच्या नाहीत. प्रवास सुखाचा झाला तर त्याला बक्षीस. वादळ आले तर व्रत मोडले म्हणून त्याचा जीव घ्यायचा. त्या खेपेला व्रतस्थ होता इसामा, आणि वादळ आले.

स्वतःला देवांच्या वंशातला म्हणवणारा गलबताचा सरदार आराहिको तलवार उपसून गरजला, “चोरून मासे खाल्लेस ना रे? मर आता!”

“मारा की, धनी,” इसामा डोके खाजवत म्हणाला. “पण व्रतस्थाशिवाय गलबत हाकायचे नाही, असा तुमचाच नियम. माझ्या जागी कोण बसणार, तेवढे आधी ठरवा. पुढची लाट आली की दोष त्याचा.”

वल्ही मारणारे सगळे खाली बघू लागले.

“ही तर मासे खाणारी माणसे,” इसामा हळूच म्हणाला. “देवांच्या वंशातले इथे तुम्ही एकटेच. बसता?”

आराहिकोने उसळत्या लाटांकडे पाहिले, तलवार म्यान केली आणि तो गलबताच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.